टल्लुलाच्या दरीत पाणी परत आले, पण तारखेने

वाचकहो, ‘धरण उशाला नि कोरड घशाला’ हे आपण गावोगाव भोगतो. पण धरणाने खुद्द नदीच्याच घशाला कोरड पाडली ती कशी, हे पाहायचे तर अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्यात टल्लुला दरी आहे. कुणाचा मुलगा, कुणाचा जावई अटलांटाला असतो. त्यांच्याकडे गेलात तर ते दुकाने दाखवतील. तुम्ही म्हणा, मोटारीने दोन तासांवर ती दरी आहे, तिकडे ने बाबा.

दरी दोन मैल लांब, खोली हजार फुटांच्या जवळपास. आत एकाखाली एक सहा धबधबे. 1882 साली आगगाडी आली, पाहुणे येऊ लागले, हॉटेले उभी राहिली. मग वीज कंपनीची नजर गेली. अटलांटाच्या ट्रामगाड्यांना वीज हवी होती. दरीच्या तोंडाशी धरण घातले आणि सव्वा मैलाचा बोगदा खणून पाणी परस्पर सहाशे फूट खाली वीजघरात नेले. 1913 साली वीज सुरू झाली नि धबधबे मुके झाले.

तसे होऊ नये म्हणून हेलन लाँगस्ट्रीट नावाची बाई 1911 पासून भांडत होती. सेनापतीची विधवा, माघार घेणारी नव्हे. प्रकरण कोर्टात गेले. कंपनी जिंकली. पुढे पाहुणे आटले, गावाची रया गेली.

1993 साली सरकार आणि कंपनी यांनी मिळून इथे उद्यान केले. सरपंच मंडळींनी आता नीट वाचावे. 1990च्या दशकात कंपनीचा परवाना नव्याने द्यायची वेळ आली, तेव्हा दरीत पाणी सोडण्याची अट त्यात घातली गेली. एप्रिल आणि नोव्हेंबरातल्या ठरावीक शनिवारी 500 क्युसेक, रविवारी 700. आपल्या कालव्याचे आवर्तनच म्हणा की, फक्त ‘वरून आदेश नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.

तीनशेवर पायऱ्या उतरलात की झुलता पूल लागतो, तळापासून 80 फूट उंच. गुडघे दुखत असतील तर वरच्या काठाने फिरा. त्या पायवाटांना आता हेलनबाईंचेच नाव आहे. अगदी तळाला जायला परवाना लागतो. दिवसाला शंभरच देतात, तेव्हा सकाळी लवकर गाठा. पाणी सोडायच्या दिवशी मात्र चालत जाणाऱ्यांना तळाला सोडत नाहीत; त्या दिवशी पुलावरूनच पाणी बघायचे.