दाजींचा इंजिनिअर रेघा ओढतो

आमचे दाजी सातारा जिल्ह्यातल्या कोरेगाव तालुक्यात आल्याची शेती करतात. धाकट्या मुलाला त्यांनी विजेचा इंजिनिअर केला. पहिली दोन वर्षे आल्याला भाव बरा मिळाला म्हणून फी भागली; पुढे भाव पडला तेव्हा आक्काच्या पाटल्या गेल्या. मुलगा पास झाला, पुण्यात नोकरीला लागला. गावाने समजूत करून घेतली की आता हा महावितरणचा मोठा साहेब होणार आणि निदान आपल्या डीपीचा प्रश्न तरी सुटणार.

दीड वर्षाने दाजी माझ्या दारात उभे. "मेहुणं, तुम्ही शिकलेलं माणूस. जरा जाऊन बघा. पोरगं म्हणतंय मी बिल्डिंगांचं डिझाइन करतो. बांधतोय दुसराच, वायरी वढतोय तिसराच, मग ह्यो काय करतो? तर म्हणतो, रेघा मारतो. रेघा माराय चार वर्सं शिकाय लागतंय व्हय?"

खरी काळजी निराळीच होती. ही नोकरी सोडून संगणकाचा कोर्स करावा, असे मुलाच्या मनात आले होते आणि त्याला पुन्हा पैसे लागणार होते. "त्याला चार शब्द सांगा," एवढे बोलून दाजी उठले.

शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन चार शब्द सांगणे हा तर माझा तीस वर्षांचा धंदा. गेलो.

भाच्याची कचेरी एका जुन्या बंगल्याच्या वरच्या मजल्यावर आहे. वीस-बावीस माणसे, प्रत्येकापुढे संगणक. वास्तुशास्त्रज्ञ, म्हणजे आर्किटेक्ट, इमारतीचा नकाशा काढतो. खांब आणि तुळया किती जाड हव्यात ते दुसरा इंजिनिअर ठरवतो. वीज, पाणी, वातानुकूलन आणि आग विझवण्याची सोय यांचे नकाशे अशा सल्लागार कचेऱ्यांत तयार होतात. मग निविदा निघते, ठेकेदार येतो आणि त्या नकाशाबरहुकूम काम करतो. भाचा स्वतः वायर ओढत नाही हे खरे. पण वायर कुठून जाईल, किती जाड असेल आणि तिच्यावर राखणदार कोण, हे तो ठरवतो.

पहिले काम असते ते भार मोजण्याचे. भाच्याने मला आपल्याच घरचे उदाहरण देऊन ते समजावले. 9 वॉटचे आठ दिवे, 75 वॉटचे चार पंखे, टीव्ही 100, फ्रीज 200, मिक्सर 500, इस्त्री 1000 आणि पाणी तापवायचा रॉड 1500. बेरीज साडेतीन हजार वॉटच्या वर जाते. "पण मामा, आई इस्त्री, मिक्सर आणि रॉड एकाच वेळी लावते का?" कालव्याच्या पाण्याची पाळी ठरवताना आपण सगळी शिवारे एका दिवशी भिजतील असे धरत नाही, तसेच हे. एकदम किती चालेल याचा अंदाज बांधायचा. तो फार धरला तर ट्रान्सफॉर्मर आणि केबल यांत मालकाचे पैसे फुकट गुंततात. कमी धरला तर भर उन्हाळ्यात सगळे गरम होऊन बंद पडते.

मग वायरीची जाडी. पाइपलाइन लांबली की शेवटच्या तोटीला दाब राहत नाही, हे आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. विजेचेही तेच, 230 व्होल्ट निघाले तरी लांब आणि बारीक तारेच्या टोकाला तेवढे पोहोचत नाहीत. शिवाय तार जेवढा प्रवाह सोसते त्याच्या आतच ब्रेकर पडला पाहिजे. ब्रेकर मोठा आणि तार बारीक असली तर ब्रेकर निवांत बसतो आणि तार भिंतीच्या पोटात जळते. हे सगळे मनाने ठरवायचे नसते. राष्ट्रीय विद्युत संहिता आहे, 2016 ची राष्ट्रीय इमारत संहिता आहे, अर्थिंगसाठी आयएस 3043 हे मानक आहे. उच्चदाबाची जोडणी असेल तर विद्युत निरीक्षकाच्या मंजुरीवाचून वीज चालू होत नाही.

कॉलेजात यातले किती शिकवले, असे मी विचारले. तो हसला. "मोटारीच्या आतलं सगळं शिकवलं. दाराचा पल्ला कुठे उघडतो ते बघायचं, हे नाही शिकवलं." त्याने काढलेल्या पहिल्या नकाशात निम्मी बटणे दारामागे गेली होती! आर्किटेक्टने दारे फिरवली आणि याने जुन्याच नकाशावर काम केले. अशा दुरुस्त्या आठवड्याला दोनदा येतात. प्रत्येक वेळी रेघा पुसायच्या, पुन्हा ओढायच्या, भार पुन्हा मोजायचा, मालाची यादी बदलायची. रात्रीचे नऊ वाजतात. बरोबरीचे मित्र संगणकाच्या कंपन्यांत याच्यापेक्षा बराच जास्त पगार घेतात. खोलीचे भाडे आणि खाणावळ जाऊन घरी पाठवायला फारसे उरत नाही, याची त्याला लाज वाटत होती. सोडायचा विचार त्यातूनच आलेला.

पण त्याच्या टेबलाच्या खणात एक घडी घातलेला नकाशा होता. तो त्याने मला दाखवला आणि मी आणलेले चार शब्द तिथेच अडकले.

नकाशा एका लहान रुग्णालयाचा होता. रुग्णालयात विजेच्या वाटा वेगवेगळ्या असतात. काही दिवे आणि यंत्रे साध्या पुरवठ्यावर, काही जनरेटरचा आधार असलेल्या पॅनेलवर, आणि शस्त्रक्रियेच्या खोलीतली वगैरे तर क्षणभरही खंड पडू नये म्हणून बॅटरीच्या यूपीएसवर. भाच्याने तळमजल्यावरच्या एका खोलीतले सॉकेट साध्या पुरवठ्यावर जोडले होते. खोलीचे नाव नकाशावर नुसते 'स्टोअर' असे होते. त्या सॉकेटाभोवती लाल पेन्सिलीचे वर्तुळ आणि बाजूला त्याच्या वरिष्ठ बाईंच्या अक्षरात एकच ओळ होती : "इथे लसींचा फ्रीज आहे. रात्री वीज गेली तर?"

लस 2 ते 8 अंशांत ठेवावी लागते, हे मला जनावरांच्या लसीकरणामुळे ठाऊक आहे. बिघडलेली लस दिसायला चांगल्या लसीसारखीच दिसते. सुई टोचली जाते, नोंद होते आणि संरक्षण मात्र मिळत नाही. एका रेघेची चूक तिथवर जाते.

बाईंना मी भेटलो. वीस वर्षांचा अनुभव. त्या फार बोलल्या नाहीत. "पहिली दोन-तीन वर्षं प्रत्येकाच्या कागदावर लाल पेन्सिल फिरते, माझ्याही फिरली," म्हणाल्या. "कागदावर चूक सापडली तर खोडरबर पुरतो." 9 जानेवारी 2021 रोजी पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा रुग्णालयात नवजात बाळांच्या कक्षाला आग लागून 10 बाळे दगावली. ती बातमी आपण सर्वांनी वाचली होती. रुग्णालयाचा नकाशा हातात आला की त्या नव्या मुलांना आधी ती बातमी वाचायला लावतात.

दुसऱ्या दिवशी भाचा मला कामावर घेऊन गेला. सकाळी स्लॅब पडायचा होता. सळयांच्या जाळीत वायरीचे पाइप आणि पंख्यांचे बॉक्स बांधून झाले होते. काँक्रीट एकदा पडले की राहिलेल्या पाइपासाठी नंतर फोडाफोडीच. म्हणून हा आदल्या दिवशी नकाशा हातात धरून एकेक बॉक्स मोजतो. आपली पेरणीची घाई आणि ही घाई सारखीच, वेळ गेली की गेली. एक वयस्क वायरमन त्याला "साहेब" म्हणत होता. पण बोलता बोलता त्याने साहेबालाच शिकवले. "साहेब, तुमच्या नकाशात हा पाइप तुळईतून गेलाय. पोकळी आधी ठेवली नाही, आता जाणार कसा?" भाच्याने खिशातली वही काढून ते टिपून घेतले, फोनवर बाईंना विचारले आणि पाइपाची वाट बदलली. मला ते पाहून बरे वाटले. पुस्तकी शिकून बांधावर गेलेल्या पहिल्या वर्षी माझ्याकडे अशी वही असती तर चार शेतकऱ्यांचे नुकसान टळले असते.

गावी परतून मी दाजींना एवढेच म्हणालो, की दिवाळीला तो येईल तेव्हा त्यालाच विहिरीवर न्या.

दिवाळीत मीही होतो. विहिरीवरच्या पेटीत किटकॅट फ्यूज आहेत. फ्यूज सारखा उडतो म्हणून दाजींनी त्यांत जाड तार पिळून घातली होती. आपल्यापैकी किती जणांनी घातली आहे, ते ज्याचे त्याने पाहावे! भाच्याने मेन स्विच पाडला, टेस्टर लावून खात्री केली आणि तार काढून बापाच्या हातात दिली. "आबा, पाच हॉर्सची मोटार आठेक अँपिअर घेते. ही तार त्याच्या कितीतरी पटीने सोसेल. मोटार जळेल, पण तार नाही जळायची." फ्यूज का उडत होता, तेही सापडले, एका फेजचा जोड सैल होऊन काळा पडला होता. दाजी बॅटरी धरून उभे होते, एक शब्द बोलले नाहीत.

घरी त्याने आधी अर्थिंगचा कोरडा खड्डा नीट करून घेतला आणि मग 30 मिलिअँपिअरचे आरसीसीबी बसवले. वीज गळून माणसाच्या अंगातून जमिनीत जाऊ लागली तर हे यंत्र क्षणार्धात पुरवठा तोडते. दुसऱ्या दिवशी पहाटे आक्काने अभ्यंगस्नानासाठी पाण्यात रॉड सोडला, बटण दाबले आणि घरात अंधार! खटका वर केला, रॉड लावला, पुन्हा अंधार. दाजी वैतागले. "ऐन सणाला नवीन खटका बिघडला बघा!"

"खटका बरा आहे आबा," भाचा म्हणाला. "रॉड गळतोय. केव्हापासून गळतोय, देव जाणे." त्याने रॉडची पिन काढून घेतली.

आक्का बादलीकडे बघत राहिली. याच बादलीत ती रोज बोट बुडवून पाणी तापले का ते पाहत होती. दाजींनी रॉड उचलला, अंगणात नेऊन दगडावर वाकडा केला आणि भंगाराच्या पोत्यात टाकला. मग चुलीत लाकडे घातली. पाणी तापेपर्यंत त्यांनी मुलाला विचारले, त्या दवाखान्याचे काम कुठवर आले. दुसरा स्लॅब पडला, तो म्हणाला, आणि तिथे वीज चालू होईपर्यंत तरी मी कुठे जात नाही.