खोक्यावरचा आकडा आणि घामाचा पैसा

धम्मचक्र प्रवर्तन दिनाचा कार्यक्रम आटोपतो न आटोपतो तोच दिवाळीच्या जाहिरातींचा मारा सुरू होतो. अशाच दिवसांत आमच्या वस्तीतील एका कुटुंबाने हप्त्याने टीव्ही घ्यायचे ठरविले. दादा कंत्राटी कामगार, ताई चार घरची धुणीभांडी करतात. "तुम्ही हिशेबातले, सोबत चला," म्हणून त्यांनी आम्हांस नेले.

दुकानात एकाच मापाचे दोन टीव्ही होते. एकावर कॉन्ट्रास्ट ५,०००:१, दुसऱ्यावर १०,००,०००:१. दुसरा सहा हजारांनी महाग. म्हणजे वर्षभर दरमहा ५०० रुपयांचा जादा हप्ता. "दोनशे पट चांगला आहे," विक्रेता म्हणाला. आम्ही विचारले, "हा आकडा मोजला कसा?" त्यास सांगता आले नाही. माहितीपत्रक मागितले, तेव्हा बारीक अक्षरांत 'डायनॅमिक' हा शब्द सापडला. सारी गोम त्यातच होती.

सर्वांत उजळ पांढरा व सर्वांत गडद काळा यांच्या प्रकाशाचे प्रमाण म्हणजे कॉन्ट्रास्ट. बहुतेक टीव्हींत एलसीडी पडद्यामागे दिवे असतात. डायनॅमिक आकडा काढताना सगळा पडदा काळा करून मागचे दिवे जवळजवळ विझवतात. मग सगळा पडदा पांढरा करून दिवे भरपूर पेटवतात आणि भागाकार करतात. परंतु चित्रात काळे केस आणि पांढरा सदरा एकाच वेळी दिसतात! त्या वेळचा खरा आकडा 'नेटिव्ह' किंवा 'स्टॅटिक'. साध्या एलसीडीत तो पॅनेलच्या जातीप्रमाणे साधारण १,००० ते ५,००० असतो. एकाने वजन किलोत सांगावे, दुसऱ्याने ग्रॅममध्ये, आणि मोठ्या आकड्याला जास्त माल समजावे, तसाच हा प्रकार. टू-इन-वनवरचे 'पीएमपीओ' वॅट ज्यांना आठवतात, त्यांना ही चलाखी नवी नाही.

आणखी काही शब्द ध्यानात ठेवावेत. 'एलईडी टीव्ही'चा पडदा एलसीडीचाच असतो. फक्त मागचे दिवे एलईडीचे. बाजारातल्या 'क्यूएलईडी'लाही मागचे दिवे लागतात. 'ओएलईडी'त मात्र प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो व विझतो. ४के म्हणजे ३८४० × २१६०, सुमारे ८३ लाख ठिपके; फुल एचडीत सुमारे २१ लाख. 'एचडीआर सपोर्ट' याचा अर्थ टीव्ही तो संकेत स्वीकारतो, एवढाच. तेवढा उजेड पडदा देईलच असे नाही, म्हणून ब्राइटनेस किती 'निट', हे विचारावे. पडदा सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलत असताना 'मोशन' या नावाखाली १२० किंवा २४० छापलेले असू शकते. पॅनेलचा मूळ रिफ्रेश रेट विचारावा.

केसपुत्तच्या कालामांना भगवान बुद्धांनी सांगितले, की ऐकीव आहे, परंपरेने आले आहे किंवा ग्रंथात आहे एवढ्यावरून काही मानू नका; स्वतः तपासा. ग्रंथाबाबत ही शिकवण, तर खोक्यावरच्या छपाईची काय कथा! 'एहिपस्सिको', या आणि पाहा, ही कसोटी आपण दुकानातही लावली पाहिजे. आम्ही दोन्ही टीव्हींवर एकच बातमीपत्र लावावयास सांगितले. ताईंनी दोन्हींकडे बराच वेळ पाहिले आणि म्हणाल्या, "भाऊ, मला तर सारखंच दिसतंय."

बिल व माहितीपत्रक जपून ठेवावे. दिशाभूल झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीस तेथे शुल्क नाही.

त्या कुटुंबाने स्वस्त टीव्ही घेतला. वाचलेल्या पाचशे रुपयांतून दर महिन्याला त्यांच्या दहावीतल्या मुलीच्या शिकवणीची फी भरली जाते. बंधू-भगिनींनो, आकडा मोठा दिसला की आधी विचारा, "मोजला कसा?" शिकलेल्या समाजाने एवढे तरी विचारलेच पाहिजे.

जय भीम!