समांतर आयुष्ये: एका कादंबरीचा अपुरा प्रवास

मनुष्याला एकच आयुष्य मिळते, आणि त्यातील प्रत्येक निवडीबरोबर दुसरी एखादी वाट मागे राहते. त्या सोडलेल्या वाटेने गेलो असतो तर आपण कोण झालो असतो, हा प्रश्न शाळा संपवून पुढील मार्ग निवडणाऱ्या मुलामुलींना फार जवळचा वाटतो. समांतर विश्वांच्या कथा कुमारवयीन वाचकांना आवडतात, यात म्हणूनच नवल नाही. क्लॉडिया ग्रे या अमेरिकन लेखिकेची ‘अ थाउजंड पीसेस ऑफ यू’ ही २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेली कादंबरी याच जातीची आहे. तीन भागांच्या मालिकेतील हा पहिला भाग होय. तिचा विषय मोठा आहे, कथेला वेगही आहे. परंतु विषयाने जे प्रश्न उभे केले त्यांच्यापुढे ती फार काळ थांबत नाही, आणि विचारी वाचकाची निराशा होते.

कथेची नायिका मार्गरेट ही दोन नामांकित भौतिकशास्त्रज्ञांची कन्या आहे. ती स्वतः मात्र चित्रकार आहे. तिच्या आईवडिलांनी ‘फायरबर्ड’ नावाचे एक उपकरण तयार केले आहे. ते गळ्यात घातले असता देह जागीच न राहता नाहीसा होतो आणि प्रवाशाची जाणीव दुसऱ्या विश्वातील त्याच व्यक्तीच्या शरीरात प्रवेश करते. वडिलांची हत्या झाल्याचे कळताच मार्गरेट संशयित पॉल या तरुण संशोधकाच्या पाठलागावर निघते. एका विश्वात ती अत्याधुनिक लंडनमधील अनाथ मुलगी असते. दुसऱ्यात, जेथे यंत्रयुग सुमारे शंभर वर्षे मागे आहे आणि झारची सत्ता अद्याप टिकून आहे, अशा रशियात ती राजकन्या असते. पॉल तिला प्रत्येक ठिकाणी भेटतो, आणि संशयाचे रूपांतर प्रेमात होते.

या कल्पनेच्या मुळाशी असलेले शास्त्र येथे थोडक्यात पाहणे उचित होईल. श्रोडिंगर यांनी १९२६ मध्ये मांडलेल्या समीकरणानुसार सूक्ष्म कणाची अवस्था अनेक शक्यतांचे मिश्रण असू शकते. मापन केले, की मात्र त्यांतील एकच हाती लागते. मग उरलेल्या शक्यता कोठे जातात? प्रिन्स्टन विद्यापीठातील ह्यू एव्हरेट या तरुण संशोधकाने १९५७ मध्ये याचे धीट उत्तर दिले. त्या कोठेही जात नाहीत; मापन करणारा स्वतःच त्या मिश्रणाचा भाग बनतो आणि प्रत्येक शक्यता आपापल्या शाखेत साकार होते. एव्हरेट १९५९ मध्ये कोपनहेगनला जाऊन नील्स बोर यांना भेटले, पण बोर यांचे मत पालटले नाही. या विचाराकडे अनेकांचे लक्ष वेधले गेले ते १९७० मध्ये, ब्राइस डेविट यांच्या लेखामुळे. आजही तो पुंजयामिकीचा एक अर्थ आहे, प्रयोगाने सिद्ध झालेला निष्कर्ष नव्हे. शिवाय शाखा एकदा अलग झाल्या, की व्यवहारतः एकीतून दुसरीत साधा निरोपही पोहोचत नाही, असेच हा अर्थ सांगतो.

म्हणजे ‘फायरबर्ड’ हे उपकरण शास्त्राला धरून नाही. तथापि एवढ्यावरून कादंबरीला दोष देणे अन्यायाचे ठरेल. विज्ञानकथेला एक अशक्य गोष्ट गृहीत धरण्याची मुभा असते; अट एवढीच, की त्या गृहीतापासून पुढे जे निष्पन्न होते ते तिने प्रामाणिकपणे पाहावे. येथेच ही कादंबरी कमी पडते.

रशियाचेच उदाहरण घ्यावे. दीर्घकाळ निराळ्या वळणाने गेलेल्या इतिहासात तीच आई, तेच वडील आणि तीच मुलगी पुन्हा जन्माला कशी येते? आई आणि वडील यांच्याकडून अपत्याला प्रत्येकी २३ गुणसूत्रे मिळतात. प्रत्येक जोडीतील कोणते गुणसूत्र पुढे जाईल हे यदृच्छेने ठरते. त्यामुळे एकाच पालकापासून ८३,८८,६०८ निरनिराळे संच संभवतात. चौऱ्याऐंशी लक्ष योनींची आठवण व्हावी अशी ही संख्या आहे! दोघांचे संच एकत्र केले, की शक्यता सुमारे ७० लक्ष कोटींवर जातात, आणि गुणसूत्रांतील अंशांची अदलाबदल यात धरलेलीच नाही. क्षणाचा फरक पडला तरी मूल निराळे होते. मग शतकांचा फरक पडल्यावर काय? कादंबरी याचे उत्तर ‘नियतीचे गणित’ या शब्दांत देते. पण हे गणित वाचकापुढे कधीच मांडले जात नाही. त्याचे केवळ नाव घेतले जाते.

या संदर्भात मराठी वाचकाला जयंत नारळीकर यांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. त्या कथेत १७६१ च्या युद्धात विश्वासरावांना गोळी चाटून जाते आणि एवढ्याशा फरकाने इतिहासाचा प्रवाह बदलतो. त्या बदललेल्या मुंबईत येऊन पोहोचलेले इतिहासाचे प्राध्यापक आपल्या मुलाची चौकशी करतात, तेव्हा त्या नावाचा कोणीही तेथे काम करीत नसल्याचे त्यांना कळते. या विश्वात तो कदाचित जन्मलाही नसेल! कार्यकारणाची ही कठोर जाणीव, तीही एका लघुकथेत, फार काही सांगून जाते.

दुसरी उणीव याहून गंभीर आहे. मार्गरेट ज्या शरीरात प्रवेश करते ते रिकामे घर नसते. त्यात एक जिवंत मुलगी राहत असते. तिची नाती, तिची मते, तिचे उद्याचे बेत असतात. रशियात उपकरण बिघडल्यामुळे मार्गरेटला राजकन्येचे आयुष्य अनेक दिवस जगावे लागते. त्या काळात ती लेफ्टनंट मार्कोव्ह, म्हणजे त्या विश्वातील पॉल, याच्यावर प्रेम करते आणि त्याच्यासह एक रात्र घालवते. त्या देहाच्या खऱ्या धनिणीची संमती कोणी विचारलेली नसते. पुढे लेफ्टनंट लढाईत मरण पावतो, आणि मार्गरेट आपल्या वाटेने निघून जाते. नायिकेला अपराधाची टोचणी लागते, हे खरे. पण पाठलागाच्या घाईत ती लौकरच बोथट होते. राजकन्येला मातृत्व आल्याचे पुढील भागात दाखविले आहे. लेखिकेला या प्रश्नाचे वजन कळले होते, असेच यावरून दिसते; पण ज्या पुस्तकात कृत्य घडते त्यातच त्याचा हिशेब व्हावयास हवा होता.

मग शाळेच्या कपाटात अशा पुस्तकाला स्थान असावे काय? अवश्य असावे. किशोरवयीन मुले ते आवडीने वाचतील, आणि आवडीने वाचलेल्या पुस्तकाची चर्चा मन लावून होते. त्या चर्चेत शिक्षकांनी दोन प्रश्न तेवढे घालावेत: या विश्वात हीच माणसे का जन्मली? आणि परत आलेल्या राजकन्येने डोळे उघडले, तेव्हा तिला काय वाटले असेल? पहिला प्रश्न विज्ञानाकडे नेतो, दुसरा माणुसकीकडे. कादंबरीने अर्ध्यावर सोडलेला प्रवास वाचकाला तेथून पुढे नेता येईल.