सावकाराचे दहा टक्के आणि बँकेचे चार टक्के



सध्या कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलं की एक प्रश्न येतोच. "ताई, कंपनीवाले दारात येऊन कर्ज देतात. बँकेत मात्र दहा हेलपाटे. मग कंपनीचं घेतलं तर बिघडलं कुठं?" प्रश्न खोटा नाही. बँकेचे हेलपाटे मीही तुमच्याबरोबर घालतेच. पण उत्तर द्यायच्या आधी आज तुम्हाला जरा मुंबईला नेते, लालबाग-परळला. आपल्या कितीतरी घरांतले आजोबा, सासरे, चुलते तिथल्या कापड गिरण्यांत होते. ते साच्यावर काम करायचे, रात्रपाळी करायचे, गणपतीला गावी यायचे, हे सगळं आपल्याला माहीत आहे. पण बायको-मुलं गावी ठेवून गेलेल्या या माणसांना दोन वेळचं जेवण कोण घालत होतं? खाणावळवाल्या बायका. आपल्याकडे बचत गट हा शब्दही यायच्या आधी याच बायकांनी बँकेचं कर्ज मिळवून दाखवलं.

लालबाग, परळ, नायगाव, दादर, वरळी या पट्ट्याला गिरणगाव म्हणत. तिथल्या चाळीत दहा बाय दहाच्या खोलीत एखादी बाई स्वतःचं कुटुंब सांभाळून पाच-दहा-पंधरा गड्यांचा स्वयंपाक करायची. पहिल्या पाळीचे डबे पहाटे निघायचे, शेवटच्या पाळीचे गडी मध्यरात्री जेवायला यायचे. म्हणजे चूल जवळजवळ कधी विझायचीच नाही. नवरा आजारी, कुणाचा कामावरून काढलेला, कुणाचा वारलेला. घर तिच्या पोळपाटावर चालायचं, तरी तिला कुणी कामगार म्हणत नव्हतं.

आता तिचा पैसा कसा फिरायचा ते नीट बघा, कारण तुमच्या दुधाचा, कोंबड्यांचा, शिलाईचा पैसाही असाच फिरतो. गडी पैसे द्यायचे महिन्याला, पगार झाला की. तांदूळ, डाळ, तेल, रॉकेल मात्र तिला आधी भरावं लागायचं. हातात रोख नाही, मग वाण्याकडून उधारीवर. उधारीचा माल नेहमी महाग, आणि वजनात खोट असली तरी बोलायची सोय नाही. वाण्याने उधारी बंद केली की सावकार. आणि सावकाराकडे गहाण काय, तर भांडी, नाहीतर मंगळसूत्र.

सावकाराचा भाव बोलायला सोपा असतो. "दहा टक्के." इथे थांबा. हे दहा टक्के महिन्याचे. बँक "बारा टक्के" म्हणते ते वर्षाचे. आपल्यातल्या कितीतरी जणी अजूनही म्हणतात की सावकार दहाने देतो आणि बँक बाराने, म्हणजे सावकार स्वस्त. बाई गं, दहा गुणिले बारा करा. सावकाराचे वर्षाचे एकशेवीस टक्के झाले.

समजा, एका खाणावळवालीने त्या काळात १,५०० रुपये दहा टक्क्यांनी घेतले. दर महिन्याला नुसतं व्याज १५० रुपये. वर्षभर न चुकता व्याज भरलं तर गेले १,८०० रुपये. मुद्दल? १,५०० तसंच डोक्यावर. राबली ती, पण वर्षाची कमाई गेली सावकाराच्या घरात.

१९७३-७४ च्या सुमारास गिरण्यांत संप झाला. संपात पगार नाही, म्हणजे खाणावळीचे पैसेही नाहीत. तरी या बायकांनी गड्यांना उपाशी ठेवलं नाही. दागिने, भांडी गहाण टाकून जेवू घातलं. संप मिटला, पण या बायकांचं कर्ज कोण फेडणार हे कुणी विचारलं नाही. हे ज्यांच्या मनाला लागलं त्या प्रेमाताई पुरव. मूळच्या गोव्याच्या, लहान वयातच गोवा मुक्तीच्या लढ्यात उतरलेल्या, पुढे मुंबईत कामगार चळवळीत काम करणाऱ्या. त्यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केलं.

आता यातली माझ्या दृष्टीने सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. प्रेमाताईंनी वर्गणी गोळा करून मदत वाटली नाही. या बायका गरीब आहेत पण धंदा करतात, त्यांना दान नको, वेळेवर आणि रास्त दराने भांडवल हवं, हे त्यांनी ओळखलं. १९६९ साली चौदा मोठ्या बँका सरकारी झाल्या होत्या. १९७२ पासून गरिबांसाठी वर्षाला ४ टक्के व्याजाची कर्जयोजना आली होती, तारण न मागणारी. म्हणजे कागदावर पैसा होता. पण परळच्या चाळीतली बाई बँकेच्या काचेच्या दारातून आत जाणार कशी? सही येत नाही, धंद्याचा परवाना नाही, खोली दुसऱ्याच्या नावावर. साहेब विचारणार, "जामीन कोण?"

उत्तर होतं: शेजारणी. जवळजवळ राहणाऱ्या बायकांचा गट करायचा आणि त्यांनी एकमेकींना जामीन राहायचं. कोण खरंच खाणावळ चालवते, कुणाकडे किती गडी जेवतात, कुणाचा नवरा पैसे हिसकावून दारूत घालतो, हे शेजारणीला जेवढं माहीत तेवढं कुठल्याही साहेबाला कळणार नाही. मंडळाने अर्ज भरले, बायकांना बँकेत नेलं, हप्त्यांवर लक्ष ठेवलं. पहिल्या चौदा जणींना बँक ऑफ बडोदाने प्रत्येकी १,५०० रुपये दिले.

तोच हिशोब परत करू. १,५०० रुपये, वर्षाला ४ टक्के. वर्षाचं व्याज ६० रुपये. मुद्दलातून हप्ते फिटत गेले तर त्याहूनही कमी. सावकाराचे १,८०० आणि बँकेचे ६०. मधले १,७४० रुपये म्हणजे मुलाची फी, गहाण पडलेलं मंगळसूत्र, आणि वाण्याकडे रोखीने, चार दुकानं फिरून घेतलेलं धान्य. बाई तीच, चूल तीच, गडीही तेच. बदलला तो फक्त पैशाचा भाव.

चौदाच्या पुढे हजारो बायका मंडळात आल्या. १९८२ च्या जानेवारीत गिरण्यांचा मोठा संप झाला आणि गिरण्या पुन्हा आधीसारख्या कधी सुरू झाल्याच नाहीत. गडी गावी परतले, खाणावळींचं गिऱ्हाईक गेलं. मंडळाने मग बायकांना घेऊन मोठ्या ऑर्डरचा स्वयंपाक, कॅन्टीन अशी कामं उभी केली. प्रेमाताईंच्या मुलीने, मेधाताई पुरव-सामंत यांनी, बँकेतली नोकरी सोडून १९९३ पासून पुण्याच्या वस्त्यांत हेच काम पुढे नेलं. प्रेमाताईंना २००२ साली पद्मश्री मिळाली. आज लालबागला गेलात तर गिरण्यांच्या जागी टॉवर आणि मॉल दिसतील, खाणावळीची पाटी शोधावी लागेल.

नाबार्डने गटांना बँकेशी जोडायचा प्रयोग केला १९९२ साली, पाचशे गटांपासून. आपले गट त्या वाटेवरचे. म्हणून बँकेत आपण हात जोडून उभं राहायचं कारण नाही. 'उमेद'मधल्या आपल्या गटांना ३ लाखांपर्यंतचं कर्ज वर्षाला ७ टक्क्यांनी मिळायला हवं. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण मागता येत नाही, आणि त्यासाठी गटाच्या बचत खात्यावर बोजाही चढवता येत नाही. "बचतीचे पैसे काढू नका, कर्ज चालू आहे" असं कुणी म्हणालं तर बँक सखीला बोलवा, नाहीतर मला फोन करा. आपण दोघी-तिघी मिळून जाऊ. एकटीने गेलं की साहेबांचं जेवण होतं, हे तुम्हालाही माहीत आहे!

आता कंपनीच्या कर्जाकडे येऊ. कंपन्या सगळ्या वाईट असं मी म्हणणार नाही. बँक पोचत नाही तिथे त्या पोचतात आणि सावकारापेक्षा त्यांचा दर कमीच असतो. पण त्यांनी खाणावळवाल्यांच्या गटातलं जामीन राहणं तेवढं उचललं, एकमेकींची माहिती आणि माया मागेच राहिली. एकीचा हप्ता चुकला म्हणून बाकी नऊ जणींना अंधार पडेपर्यंत बसवून ठेवलेलं मी स्वतः पाहिलंय. आणि पहिल्या कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचं, दुसरीचा भरायला तिसरीचं कर्ज घेणाऱ्या ताई आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांना दोष देऊ नका. गडबड कुठे होते ते त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं.

एक हिशोब वहीत लिहून घ्या. ३०,००० रुपये कर्ज, बारा महिने. एजंट म्हणतो, "फक्त बारा टक्के, फ्लॅट." फ्लॅट म्हणजे शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वर व्याज. वर्षाचं व्याज ३,६००. अहो, पण सहा महिन्यांनी तुम्ही अर्धे पैसे परत केलेले असतात, त्यांचंही व्याज का भरायचं? आता तेच बारा टक्के घटत्या मुद्दलावर. दर महिन्याला २,५०० मुद्दल परत, आणि राहिलेल्यावर शेकडा एक. पहिल्या महिन्यात व्याज ३००, दुसऱ्यात २७५, असं उतरत शेवटच्या महिन्यात २५. बेरीज होते १,९५०. दोन्ही ठिकाणी शब्द "बारा टक्के"च, पण फरक १,६५० रुपयांचा. त्यात फी आणि विम्याचे पैसे आधीच कापून घेतले तर हातात ३०,००० येतही नाहीत, व्याज मात्र ३०,००० वर.

म्हणून दर ऐकला की विचारायचं: महिन्याचा की वर्षाचा? पूर्ण रकमेवर की उरलेल्यावर? हातात किती येणार आणि एकूण किती परत जाणार? रिझर्व्ह बँकेचे नियम १ एप्रिल २०२२ पासून लागू आहेत. त्यांच्यानुसार वर्षाला ३ लाखांपर्यंत कमाई असलेल्या घराला असं कर्ज देताना तारण घ्यायचं नाही. सगळा खर्च धरून वर्षाचा खरा दर किती, हे लिहिलेला कागद तुमच्या भाषेत द्यायचा, आणि त्या कागदात नसलेला एक रुपयाही घ्यायचा नाही. कर्ज लवकर फेडलं तर दंड नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून महिन्याच्या कमाईच्या निम्म्यापेक्षा जास्त होता कामा नयेत. घरात महिन्याला १२,००० येत असतील तर सगळ्या हप्त्यांची हद्द ६,००० ची. ही हद्द बघायचं काम कंपनीचं आहे, पण एजंटला टार्गेट असतं, म्हणून आपणही बघायची. वसुलीसाठी सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, घरच्यांना त्रास, काहीही चालत नाही.

सावकाराचं असेल तर त्याच्याकडे परवाना आहे का ते बघा. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने विनापरवाना सावकारी गुन्हा आहे, आणि तक्रार तालुक्याच्या सहायक निबंधकांच्या, म्हणजे सहकार खात्याच्या कार्यालयात करता येते. चिठ्ठी-पावती नसली तरी घाबरू नका. कधी, किती घेतले आणि किती दिले ते आठवून तारखेसह लिहून ठेवा.

राहता राहिला आपला स्वतःचा गट. अंतर्गत कर्जाला आपण शेकडा दोन लावतो, म्हणजे वर्षाचे चोवीस. ते व्याज गटातच राहतं, हे खरं. पण ते भरणारी बहुतेक वेळा गटातली सगळ्यात अडचणीतली बाई असते. बँकेचं कर्ज सात टक्क्यांनी उचलून तिला चोवीसने द्यायचं का, यावर पुढच्या बैठकीत मोकळेपणाने बोलू. त्या दिवशी प्रत्येकीने आपल्या सगळ्या कर्जांची कार्डं आणि पासबुकं पिशवीत घालून आणा. लपवलेली सुद्धा. मी कॅल्क्युलेटर आणते.