आंतरजालावरील जुन्या मोटारीची खरेदी

बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांतील आपले बंधू बहुतांशी तूर, हरभरा, ज्वारीचे व्यापारी. पोत्याच्या तळाचा दाणा हाती घेतल्यावाचून आम्ही भाव बोलत नाही. मात्र तेच बंधू जुनी मोटार भ्रमणध्वनीवरील छायाचित्र पाहून ठरवितात व विसारही पाठवितात, याचे आम्हांस नवल वाटते.

विसारातच पहिला धोका आहे. विक्रेता आपण सैनिक असल्याचे सांगतो, बदलीमुळे गाडी स्वस्तात देतो, ओळखपत्राचे चित्र धाडतो आणि वाहतूकखर्चाच्या नावाने थोडी थोडी रक्कम उकळतो. या प्रकारचे गुन्हे देशात अनेक ठिकाणी नोंदले गेले आहेत. ‘पैसे परत घ्या’ म्हणून क्यूआर कोडही येतो. यूपीआयचा पिन पैसे देण्याकरिता लागतो, घेण्याकरिता नव्हे. रक्कम गेलीच तर तत्क्षणी १९३० या क्रमांकावर कळवावे.

दुसरी गोष्ट आपल्या सीमाभागाची. हुमनाबादवरून सोलापूर-हैदराबाद महामार्ग जातो, सबब परराज्यांतील गाड्या जवळच्या व स्वस्त वाटतात. परंतु परराज्याची गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवावयाची तर १९८८ च्या मोटार वाहन कायद्यान्वये येथील क्रमांक (बिदरचा केए-३८, कलबुर्गीचा केए-३२) घ्यावा लागतो. त्यास मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला, म्हणजे नमुना २८, हवा. शिवाय कर्नाटकचा आजीवन कर गाडीच्या वयानुसार भरावा लागतो. तो किमतीत मिळवून मगच स्वस्ताई मोजावी. गाडीवर कर्ज आहे काय, हे नोंदणीपुस्तकात व सरकारी ‘एम-परिवहन’वर पाहावे, असल्यास कर्ज फिटल्याचा नमुना ३५ मागावा.

ऑक्टोबर २०२० च्या पुरात हैदराबादेत पुष्कळ मोटारी बुडाल्या. अशी गाडी धुऊनपुसून चित्रात नवीच दिसते. गालिच्याखालचा गाळ, आसनाखालचे गंजलेले स्क्रू, कुबट वास चित्रात येत नाही. ओळखीचा मिस्त्री सोबत न्यावा, हेच बरे.

विकणाऱ्यासही जोखीम आहे. सही केलेले कोरे नमुने २९ व ३० देऊन गाडी सोडणारे बंधू आहेत. २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने निर्णय दिला की नोंदणी ज्याच्या नावे, अपघाताच्या भरपाईस तोच मालक. गाडी मध्यस्थाकडे सोपवावयाची असल्यास १ एप्रिल २०२३ पासून अधिकृत व्यापाऱ्याकरिता स्वतंत्र नियम आहेत. त्याचे प्राधिकारपत्र पाहून, गाडी दिल्याची सूचना परिवहन कार्यालयाकडे त्याच दिवशी नोंदवून घ्यावी.