पिल्लू घरी येतंय. खर्च कशावर करायचा?

थंडीची चाहूल लागली की सोसायटीच्या जिन्याखाली, बंद टपरीच्या मागे, बांधकामाच्या वाळूच्या ढिगाऱ्यात कुत्री व्यायलेली दिसते. आपल्याकडच्या रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं बहुतांशी याच दिवसांत जन्मतात. मुलं त्यांना बिस्किटं घालतात, त्यांची बारशी करतात आणि महिनाभरात एखाद्या घरात हट्ट सुरू होतो: ‘यातलं एक आपण आणू या ना!’

या हट्टाला विज्ञानाचाही पाठिंबा आहे. कोलकात्याच्या ‘आयसर’ संस्थेतल्या संशोधकांनी रस्त्यावरच्या कुत्र्यांच्या 95 विणींचा माग ठेवला. 2016 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार सात महिन्यांचं होईपर्यंत पाचातलं जेमतेम एक पिल्लू जगतं, आणि दगावणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या मरणाला माणूस या ना त्या प्रकारे कारण असतो. म्हणजे जिन्याखालचं एक गावठी पिल्लू घरात आलं, तर एक जीव खरोखरच वाचतो.

मोठ्यांचा प्रश्न मात्र वेगळा असतो: परवडेल का? दुकानात गेलं तर गादी, स्वेटर, शाम्पू, खेळणी अशी यादी संपतच नाही. पिल्लाच्या शरीराची यादी फार छोटी आहे. त्यात काही गोष्टींना पैसे लागतातच, तिथे काटकसर अंगाशी येते. बाकीच्या गोष्टींना वेळ लागतो, आणि तो कुठल्याच दुकानात मिळत नाही.

लस: इथे काटकसर नको

जन्मल्यावर पहिल्या दिवशी पिल्लू आईचा चीक पितं आणि त्यातून तिची प्रतिपिंडं त्याच्या रक्तात जातात. उसनं मिळालेलं हे संरक्षण आठवड्यागणिक घटत जातं. अडचण मधल्या काळात होते. आईची प्रतिपिंडं विषाणूला अडवायला अपुरी पडू लागतात, पण लशीला निष्प्रभ करण्याइतकी मात्र शिल्लक असतात. अशा वेळी दिलेला डोस वाया जाऊ शकतो. हा काळ प्रत्येक पिल्लात वेगळ्या वयात येतो आणि बाहेरून ओळखता येत नाही. म्हणून सहा ते आठ आठवड्यांच्या वयात पहिली लस देऊन, पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी, सोळा आठवड्यांचं होईपर्यंत ती पुन्हा द्यायची असते. ‘एक इंजेक्शन झालंय, पुढचं बघू’ म्हणणाऱ्या घरातलं पिल्लू म्हणूनच सुरक्षित नसतं.

या लशी मुख्यतः डिस्टेंपर आणि पार्व्हो यांच्यापासून वाचवतात. पार्व्होचा विषाणू 1978 मध्ये ओळखला गेला आणि पाहता पाहता जगभर पसरला. भराभर विभागणाऱ्या पेशींवर तो हल्ला करतो. म्हणजे आतड्याचं अस्तर आणि अस्थिमज्जा. काल उड्या मारणारं पिल्लू आज कोपऱ्यात पडून राहतं, खाणं सोडतं, उलट्या करतं आणि मग रक्ताचे, उग्र वासाचे जुलाब सुरू होतात. दिवसेंदिवस सलाईन लावावं लागतं, त्याचा खर्च लशीच्या कित्येक पट होतो आणि एवढं करूनही पिल्लू हाती लागेलच असं नाही. हा विषाणू जमिनीवर कित्येक महिने तग धरतो. साध्या फिनेलने तो मरत नाही, त्याला पाणी घालून पातळ केलेलं ब्लीच लागतं. घरात आधी पार्व्होने पिल्लू गेलं असेल, तर लस पूर्ण न झालेलं दुसरं पिल्लू लगेच आणू नये.

रेबीजची लस तीन महिन्यांच्या सुमारास, आणि त्यानंतर डॉक्टर सांगतील तसे बूस्टर. रस्त्यावरून उचललेलं पिल्लू लहान आहे म्हणून रेबीजचा धोका नाही, असं समजू नका. त्याचे दात लागून रक्त आलं, तर जखम साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवून त्याच दिवशी दवाखाना गाठा. माणसांसाठीची ही लस सरकारी रुग्णालयात मिळते.

जंतांचं औषध स्वस्त आहे, तरी तेच सर्वाधिक विसरलं जातं. गोल जंतांच्या अळ्या पिल्लू पोटात असतानाच आईकडून त्याच्यात शिरतात, अंकुशकृमी दुधातून येतात. अंग हडकुळं आणि पोट मात्र नगाऱ्यासारखं, असं पिल्लू पाहून ‘चांगलं खातंय’ म्हणून खूश होऊ नये. तीन महिन्यांचं होईपर्यंत साधारण दर पंधरा दिवसांनी, वजनाप्रमाणे डोस द्यावा लागतो. गोल जंतांची अंडी मातीतून लहान मुलांच्या पोटात जाऊ शकतात, म्हणून हे औषध घरातल्या मुलांसाठीही आहे.

खर्च आवरायचा असेल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना हा पहिला पत्ता. तिथे शुल्क नाममात्र असतं. मुंबईकरांना परळचं बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय ठाऊक असतं. एकोणिसाव्या शतकापासून तिथे जनावरांवर उपचार होतात. 28 सप्टेंबरच्या जागतिक रेबीज दिनाच्या आसपास ठिकठिकाणी मोफत लसीकरणाची शिबिरंही होतात.

ज्याला पैसे पडत नाहीत, पण मुदत असते

अमेरिकेतल्या बार हार्बर इथल्या प्रयोगशाळेत एक प्रयोग झाला. त्याचे निष्कर्ष 1961 मध्ये ‘सायन्स’मध्ये छापून आले. कॉकर स्पॅनियल आणि बीगल जातींची पिल्लं उंच कुंपणाच्या आवारात आईबरोबर वाढवली. त्यांना माणूस दिसणार नाही याची काळजी घेतली. मग वेगवेगळ्या वयाच्या पिल्लांना फक्त एक-एक आठवडा माणसांच्या सहवासात आणून परत आवारात सोडलं. पाच ते नऊ आठवड्यांच्या दरम्यान हा एक आठवडा मिळालेली पिल्लं माणसाला सरावली. चौदा आठवडे माणूसच न पाहिलेली पिल्लं रानटी जनावरासारखी बिथरत होती, आणि नंतर मेहनत घेऊनही त्यांची भीती पुरती गेली नाही.

तिसऱ्या आठवड्यापासून साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लाचा मेंदू ‘जग म्हणजे काय’ हे ठरवत असतो. या काळात जे शांतपणे अनुभवलं, ते पुढे आयुष्यभर ओळखीचं वाटतं. जे अनुभवलं नाही, त्याची भीती बसू शकते. आठ आठवड्यांचं होईपर्यंत पिल्लाला आईपासून तोडू नये हेही तितकंच खरं, कारण चावताना जोर किती लावायचा हे ते भावंडांशी खेळतानाच शिकतं. म्हणजे तुमच्या हातात चार ते सहा आठवडे उरतात.

इथे एक पेच आहे. लशी सोळा आठवड्यांना पूर्ण होतात आणि हा काळ त्याआधीच संपतो. लस होईपर्यंत पिल्लाला घरात कोंडून ठेवलं, तर रोगापासून वाचलेलं कुत्रं भित्रं किंवा चावरं होण्याची शक्यता वाढते. अमेरिकेतल्या पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यांच्या संघटनेचा म्हणूनच सल्ला आहे की लसीकरण सुरू झालं की पूर्ण होण्याची वाट न पाहता पिल्लाला जगाची ओळख करून द्यावी. मार्ग सोपा आहे: पिल्लू कडेवर घ्यायचं. भाजी मंडईच्या कडेला उभं राहा, रिक्षात बसवा, शाळा सुटताना फाटकाजवळ थांबा. जिथे भटकी कुत्री फिरतात त्या जमिनीवर मात्र लशी पूर्ण होईपर्यंत त्याला उतरवू नका. दाढीवाला माणूस, हेल्मेट घातलेला माणूस, काठी टेकणारी आजी, रांगणारं बाळ, सगळ्यांच्या हातून एकेक दाणा खाऊ द्या.

आपल्याकडे याला आणखी एक विषय जोडावा लागतो: फटाके आणि ढोल-ताशे. दोन्हींची ध्वनिमुद्रणं फोनवर अगदी हळू आवाजात लावा, तेव्हाच जेवण द्या आणि आवाज दिवसागणिक थोडाच वाढवा. पिल्लाने खाणं थांबवलं की आवाज जास्त झाला, असं समजा. दिवाळीत पलंगाखाली थरथरत बसणारी कितीतरी कुत्री या बिनखर्ची उपायाने वाचू शकली असती.

पहिली रात्र आणि ओली फरशी

पहिल्या रात्री पिल्लू रडतं ते हट्टाने नव्हे. आईपासून दुरावलेल्या पिल्लाची हाक ही त्याच्या जगण्याची सोय आहे, आणि अनोळखी जागेत ती आणखी वाढते. त्याला गॅलरीत ठेवून ‘रडून रडून गप्प होईल’ म्हणणं क्रूर आहे आणि निरुपयोगीही. पुठ्ठ्याचं खोकं, त्यात जुनी गोधडी, आई-भावंडांच्या अंगाचा वास असलेलं एखादं फडकं, आणि खोकं तुमच्या अंथरुणालगत. हात खाली सोडला की त्याला लागला पाहिजे. गादीचे पैसे वाचले.

शी-शूचं गणितही शरीराचंच आहे. पोटात अन्न गेलं की मोठं आतडं हलू लागतं, म्हणून जेवणानंतर थोड्याच वेळात शी होते. झोपेतून उठल्यावर आणि खेळून झाल्यावर शू. नाक जमिनीला लावून पिल्लू गोल फिरू लागलं की उचला आणि ठरलेल्या जागी ठेवा. काम झालं की लगेच, त्याच जागी, खाऊ द्या. दोन मिनिटांनी दिलेल्या खाऊचा संबंध त्याला लागत नाही. शिक्षेचंही तसंच. कुत्र्यांच्या वर्तनाच्या अभ्यासक अलेक्झांड्रा होरोविट्झ यांनी 2009 मध्ये दाखवून दिलं की कुत्र्याचा तो ‘अपराधी चेहरा’ चुकीमुळे नसतो, मालकाच्या रागावण्यामुळे असतो. शूमध्ये नाक घासल्याने पिल्लू एवढंच शिकतं, की तुमच्यासमोर शू करणं धोक्याचं आहे. मग ते सोफ्यामागे जातं. वास राहिला तर ते पुन्हा तिथेच जाणार, म्हणून एन्झाइम असलेल्या धुण्याच्या पावडरीच्या पाण्याने ती जागा पुसा आणि मग कोरडी करा.

ताटात काय?

लांडग्यापेक्षा कुत्र्याचं पोट आपल्या जेवणाला जास्त सरावलं आहे. 2013 मध्ये ‘नेचर’मधल्या अभ्यासात दिसलं की पिष्ट पचवणाऱ्या जनुकाच्या लांडग्यात दोन प्रती असतात, कुत्र्यात मात्र चारपासून तिसापर्यंत. म्हणून शिजलेला भात, भाकरी त्याला पचते. पण वाढत्या हाडांना नुसती पोळी किंवा भात पुरत नाही. कॅल्शियम कमी पडलं की शरीर ते हाडातून काढून घेतं आणि पाय वाकतात. परवडणारा मध्यममार्ग असा: पिल्लांसाठीचं कोरडं खाद्य हा पाया, त्यात उकडलेलं अंडं, चिकन, थोडा भात, दिवसातून तीन-चार वेळा, थोडं थोडं. कॅल्शियमची पावडर स्वतःच्या मनाने सुरू करू नका, जास्तही घातक ठरतं. कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका, चॉकलेट आणि शिजवलेली हाडं कधीच नकोत. खास वाडगेही नकोत, स्टीलची वाटी पुरते.

हट्ट मान्य करण्याआधी घरात बसून दोनच गोष्टी ठरवा. लशी, जंतांची औषधं आणि पुढे नसबंदी यांचे पैसे बाजूला काढता येतात का? आणि पहिले दोन महिने दिवसभर घरात कोणीतरी असेल का? दोन्हींचं उत्तर ‘हो’ असेल, तर विकतचं पिल्लू शोधू नका, जिन्याखालचंच आणा. दुसऱ्याचं उत्तर ‘नाही’ असेल, तर कितीही पैसे असले तरी थोडं थांबा.