पत्र्याच्या पोटातला गंज
(जुनी गाडी, नवा जन्म : लेखांक 4)

मागच्या आठवड्यात इंजिन आणि गिअरबॉक्स उतरवून बाजूला ठेवले. आता उरला सांगाडा, आणि खर्चाचा खरा आकडा इथेच कळतो. इंजिनाचा सुटा भाग कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर धुंडाळला तर आज ना उद्या हाती लागतो. धड चासी मात्र कुठल्याच दुकानात टांगलेली नसते.

उपनगरांत जुनी गाडी म्हटली की आधी फियाट आठवते. ती घडलीच इथे, कुर्ल्याच्या प्रीमियरच्या कारखान्यात. 1964 साली ‘1100 डिलाइट’ म्हणून निघाली, पुढे ‘पद्मिनी’ झाली, आणि 2023च्या ऑक्टोबरअखेर तिची शेवटची काळी-पिवळी टॅक्सीही रस्त्यावरून गेली. स्पोर्ट्‌स कारशी रक्ताचं नातं सांगणारी आपली गाडी मात्र स्टँडर्ड हेरल्ड. मद्रासला 1961 पासून बनणारी, मिकेलोत्ती या इटालियन रेखाटनकाराने आखलेली. हेरल्डचीच चासी आखूड करून ट्रायम्फने 1962 मध्ये ‘स्पिटफायर’ ही उघड्या टपाची स्पोर्ट्‌स कार काढली. म्हणून हेरल्डवर हात बसला की स्पिटफायरचं अर्धं काम शिकून झालं असं मी मानतो.

पद्मिनीला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दाराखालची पोकळ सिल, खांब, छप्पर असा सगळा पत्रा मिळून भार पेलतो. त्यातला एक भाग कुजला की बाकीच्यांवर ताण येतो. हेरल्डमध्ये खाली पोलादी चासी आणि वर बोल्टांनी कसलेली बॉडी, तीही तुकड्यातुकड्यांनी सुटणारी. स्पिटफायर या दोघींच्या मधली. तिला चासी आहे, पण हेरल्डच्या चासीला असलेल्या बाजूच्या पट्ट्या नाहीत, त्यामुळे सिलनाही भार उचलावा लागतो.

गंज धरतो तो आतून. सिलच्या तळाला पाणी निथळायची भोकं असतात. ती चिखलाने बुजली की आत ओल कोंडते, आणि समुद्रावरच्या वाऱ्यातलं मीठ तिला साथ देतं. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला 24 तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. त्या पाण्यात जी गाडी उभी होती तिच्या पोकळ्यांत गाळ गेला, आणि सीट-गालिचे बदलले म्हणून तो निघत नाही. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून दोन पत्र्यांचा सांधा फुगतो आणि स्पॉट वेल्ड उखडतात. बाहेर रंगाचा फोड दिसेपर्यंत आतला पत्रा पापुद्र्यावर आलेला असतो.

तपासणीला फडक्यात गुंडाळलेलं चुंबक पुरतं. चिकटलं तर पत्रा, घसरलं तर लांबी. लांबीशी माझं वैर नाही. ठोकून सरळ केलेल्या पत्र्यावरचा बारीक खळगा भरायला ती हवीच. पण भोकात वर्तमानपत्र कोंबून वर लांबी थापण्याचा प्रकार अजून सर्रास चालतो. विकायला आलेल्या गाडीच्या पोटाला ताजं काळं अंडरकोटिंग दिसलं, तर पेचकसाच्या मुठीने ठोकून बघा. धड पत्रा खणखणतो, कुजका बदबदतो.

कापण्याची घाई सगळ्यात महाग पडते. सिल कापली की उघड्या टपाची गाडी मधोमध वाकते आणि दाराची फट वरच्या बाजूला आवळते; त्याच अवस्थेत नवी सिल वेल्ड केली तर ते दार पुन्हा नीट लागत नाही. म्हणून गाडी समपातळीत घोड्यांवर घ्यायची, दारं लावून फटी मोजून लिहून ठेवायच्या, आणि दाराच्या चौकटीत आडवा पाइप टाके मारून पक्का करायचा. मग एकच बाजू कापायची. ती पुरी होईपर्यंत दुसरीला ग्राइंडर लावायचा नाही.

कुजका भाग चकचकीत लोखंड लागेपर्यंत कापा. ठिगळाला साधारण 20 गेजचा, म्हणजे सुमारे 0.9 मिलिमीटरचा सीआरसी पत्रा चालतो. सीओटू वेल्डिंगचा एक टाका इथे, दुसरा पार त्या टोकाला, मग मध्ये. सलग शिवण ओढली की उष्णतेने पत्रा लाटेसारखा उठतो. गॅसच्या ज्योतीने तर आणखी. हातोडी-डॉलीने ती लाट बसवणारे जुने डेंटर अजून भेटतात. तसा कोणी मिळाला तर त्याच्या मजुरीवर घासाघीस करू नका.

हेरल्डची बॉडी उतरवल्यावर आधी चासीचे कर्ण मोजा. समोरासमोरच्या बोल्ट-भोकांमधलं तिरकं अंतर दोन्ही बाजूंनी जुळलं नाही, तर चासी कधीतरी ठोकर खाऊन वाकलेली आहे. ती सरळ झाल्याशिवाय एकही ठिगळ लावू नये. बाहेर निघालेले आडवे हात आणि बॉडीखालच्या रबरी गाद्यांच्या जागा आधी खरवडा. चिखल तिथेच साचतो.

पावसाळ्यात पत्रा उघडा ठेवून घरी गेलात तर सकाळी त्यावर तांबूस थर चढलेला असतो. जेवढं घासलं तेवढ्यावर त्याच दिवशी इपॉक्सी प्रायमर, आणि रंगकाम संपल्यावर पोकळ्यांत मेणाचा फवारा. निथळायची भोकं मात्र मोकळी ठेवा.

आणि चासी नंबर कोरलेल्या तुकड्याला हात लावू नका. 2021च्या केंद्रीय नियमांनुसार 50 वर्षांहून जुन्या गाडीला ‘व्हीए’ मालिकेतला व्हिंटेज क्रमांक मिळतो; अट अशी की ती मूळ स्वरूपात असावी, चासी, बॉडी शेल किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. म्हणून कापण्याआधी, कापताना आणि जोडल्यावर प्रत्येक भागाचे फोटो काढून, तारीख घालून, फाइलला लावत चला. पुढच्या आठवड्यात दारं आणि बोनेट.